‘इम्पिक्युनिअस’ या शब्दातली गुरे

अनुवादिनी

एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताना ‘इम्पिक्युनिअस’ हे विशेषण वारंवार समोर येत आहे. एका श्रीमंत गृहस्थाच्या ‘नेव्ह्यू’साठी लेखकाने ते योजले आहे. शब्दकोशात ‘ज्याच्याकडे पैसे नाहीत असा’ एवढाच अर्थ मिळतो, पण शब्दाचा रोख निव्वळ गरिबीवर नाही. रोजंदारीवर पोट भरणाऱ्या मजुराला सहसा कोणी इम्पिक्युनिअस म्हणत नाही. घराणे बरे, कपडे नीटनेटके, चार प्रतिष्ठित घरांत ऊठबस आणि खिसा मात्र बारमाही रिकामा, अशा माणसाला हे विशेषण लागते.

मराठी शब्द ठरवण्याआधी व्युत्पत्ती पाहावी म्हणून शोध घेतला. लॅटिनमधला नकारार्थी ‘इन’ हा उपसर्ग ‘प’ च्या आधी ‘इम’ होतो. पुढचा भाग ‘पेकूनिया’, म्हणजे पैसा. पेकूनियाच्या मुळाशी ‘पेकू’ किंवा ‘पेकुस’, म्हणजे गुरेढोरे. इंग्रजीत हे विशेषण सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले. न्यायालयीन भाषेतले ‘पिक्युनिअरी’, रोजच्या वापरातले ‘पिक्युलिअर’ आणि सार्वजनिक पैशाच्या अपहाराला म्हणतात ते ‘पेक्युलेशन’, ही त्याचीच भावंडे.

माझे प्रश्न तीन आहेत. ‘पेकू’ आणि आपला ‘पशू’ यांचे खरोखर नाते आहे, की हा केवळ उच्चारातला योगायोग? ‘पूर्वी गुरे हेच धन होते, म्हणून पैशाला गुरांचे नाव मिळाले’ असे सर्वत्र छापलेले दिसते, ते कितपत टिकते? आणि अखेरीस, या नेव्ह्यूला मराठीत काय म्हणावे?

शब्दपारखी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे आहे. नुसते उच्चारसाम्य हा पुरावा होत नाही. ध्वनिबदल नियमाने व्हावा लागतो आणि तो नियम इतर शब्दांतही दिसावा लागतो. येथे तो दिसतो.

लॅटिनमध्ये जेथे ‘क’ आहे तेथे संस्कृतात अनेकदा ‘श’ सापडतो. शंभराला लॅटिन ‘केन्तुम’ तर संस्कृत ‘शतम्’, दहाला ‘देकेम’ आणि ‘दश’, कुत्र्याला ‘कानिस’ आणि ‘श्वन्’. ‘प’ दोन्हीकडे ‘प’ च राहतो, जसे ‘पातेर’ आणि ‘पितृ’. लॅटिनमधल्या ‘ए’ च्या जागी संस्कृतात ‘अ’ येतो, हे देकेम आणि दश या जोडीतच दिसते. आता ‘पेकु’ घेऊन हे तिन्ही बदल क्रमाने करा. ‘पशु’ हाच शब्द हाती येतो, एकही अक्षर ओढूनताणून बसवावे लागत नाही.

जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या शाखेत, याच मूळ ‘प’ चा ‘फ’ आणि ‘क’ चा ‘ह’ होतो. म्हणून पितृ–फादर, पाद–फुट, शत–हंड्रेड, श्वन्–हाउंड. याकोब ग्रिम या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने हा नियम १८२२ मध्ये सविस्तर मांडला. त्यानुसार पशूचे जर्मानिक रूप ‘फेहु’ व्हायला हवे, आणि ते तसेच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘फेओह’ असे होते आणि त्याचे अर्थ गुरे, मालमत्ता आणि पैसा असे तिन्ही होते.

उपसर्गाकडेही लक्ष द्यावे. लॅटिन ‘इन’, इंग्रजी ‘अन’ आणि आपला ‘अ’ किंवा ‘अन्’ हे तिन्ही एकाच मूळ नकाराचे वंशज आहेत. म्हणजे ‘इम्पिक्युनिअस’ मधला नकारही आपल्या नात्यातला आहे.

सहज_एक

मग ‘पैसा’ आणि स्पॅनिश ‘पेसो’ हेही याच कुळातले म्हणायचे का?

शब्दपारखी

@सहज_एक, नाही. ‘पेसो’ हा लॅटिन ‘पेन्सुम’ वरून, म्हणजे ‘तोललेले’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. तेथे वजनाचा संबंध आहे, गुरांचा नाही. ‘पैसा’ सामान्यतः ‘पद’, म्हणजे चतुर्थांश, या शब्दाशी जोडला जातो. ‘प’ ने सुरू होणारे आणि पैसा असा अर्थ असणारे तीन शब्द तीन वेगवेगळ्या घरचे आहेत. उच्चारसाम्यावर विसंबू नये असे वर म्हटले, ते यासाठीच.

पुराणवस्तू

दुसऱ्या प्रश्नाबद्दल रोमन लेखकांची साक्ष प्रथम नोंदवतो, कारण ही व्युत्पत्ती आधुनिक पंडितांनी शोधलेली नाही, ती रोमन लोकांना स्वतःलाच ठाऊक होती. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला वार्रो आपल्या लॅटिन भाषेवरील ग्रंथात स्पष्ट सांगतो की पशुपालकांची सारी दौलत गुरांत असे, म्हणून ‘पेकुस’ वरून ‘पेकूनिया’. सिसेरोही तसेच लिहितो. थोरला प्लिनी वेगळे कारण देतो. त्याच्या मते सर्व्हियस टुलियस या राजाने तांब्यावर प्रथम शिक्का उमटवला, त्यावर गुरांचे चित्र होते आणि त्यावरून पैशाला हे नाव पडले.

प्लिनीचे कारण मला पटत नाही. ‘एस सिग्नाटुम’ नावाच्या ओतीव कांस्याच्या लगडी आज संग्रहालयांत आहेत. दीड किलोच्या आसपास वजनाच्या या लगडींपैकी एकीच्या दोन्ही बाजूंना बैल कोरलेला आहे, हे खरे. परंतु इतर लगडींवर हत्ती, डुकरीण, तलवार, ढाल आणि जहाजाचा नांगरही आहेत. शिवाय बैलाची लगड इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली आहे, म्हणजे सर्व्हियसच्या काळानंतर काही शतकांनी ओतलेली.

मला अधिक बोलका वाटतो तो दंडाचा पुरावा. ऑलस गेलियस या दुसऱ्या शतकातल्या लेखकाने नोंदवले आहे की रोममध्ये सर्वांत मोठा दंड दोन मेंढ्या आणि तीस बैल इतका असे. पुढे अडचण अशी आली की कोणी धडधाकट जनावरे आणून देई, तर कोणी मरतुकडी, त्यामुळे एकाच गुन्ह्याला दोन माणसांना असमान शिक्षा होऊ लागली. म्हणून कायद्याने भाव ठरवून दिला, एका मेंढीला दहा ‘आस’ आणि एका बैलाला शंभर. परंपरेने हा कायदा इसवी सनापूर्वी ४५४ मधला मानतात. ‘आस’ हे तांब्याचे चलन होते. गुरांकडून धातूकडे जातानाचा हा टप्पा कायद्यातच नोंदलेला सापडतो.

काळीमाती

पुराणवस्तू यांनी दिलेले मरतुकड्या जनावराचे कारण वाचून मी थांबलो, कारण ही अडचण आमच्याकडे दर आठवडी बाजारात दिसते. आमच्या भागात गुराढोरांना जित्राबं म्हणतात. बैल घेताना आधी दात पाहतात. दोन दाती आहे, चार दाती आहे, सहा दाती आहे की जुळलेला आहे, यावर वय ठरते. मग चार पावले चालवून पाहतात, खांदा पाहतात, शेपटीला हात लावला तर उधळतो का ते पाहतात. भाव उघड बोलत नाहीत. हेडी, म्हणजे गुरांचा दलाल, आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटे दाबून सौदा करतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नाही. दोन बैल सारख्या किमतीचे कधीच नसतात. त्यामुळे ‘तीस बैल दंड’ हा नियम राबवताना रोमन अधिकाऱ्यांची काय तारांबळ झाली असेल, ते मला चांगले समजते.

गुरे हे धन आहे, यासाठी मला लॅटिनची साक्ष लागत नाही. माझ्या कॉलेजची फी वडिलांनी दावणीची म्हैस विकून भरली. जमीन विकायला काळीज धजत नाही आणि वेळही लागतो. जित्राब मात्र बाजाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत नोटा होऊन येते. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, तेही याच कारणाने. म्हणून ‘गुरांवरून पैसा’ ही व्युत्पत्ती मला शंभर टक्के मान्य आहे.

उलटा_प्रवाह

काळीमाती यांचा अनुभव मोलाचा आहे, तरी त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्यांच्याच एका वाक्यातून उलट बाजू पुढे येते, ती मांडतो.

एमिल बाँव्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लॅटिन, ग्रीक, जर्मानिक ज्यात येतात त्या भाषाकुलातल्या, सामाजिक संस्थांच्या शब्दसंग्रहावर १९६९ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या व्युत्पत्तीची दिशाच उलटी केली. त्याच्या मते ‘पेकु’ चा मूळ अर्थ गुरे असा नव्हताच, तो ‘जंगम मालमत्ता’ असा होता. जमीन जागची हलत नाही. जे हलवता येते, हाकता येते, बरोबर नेता येते, ते सारे ‘पेकु’. पशुपालक समाजात अशा मालमत्तेचा सर्वांत मोठा भाग गुरांचा, म्हणून शब्दाचा अर्थ आकसत गुरांपुरता उरला. त्याच्या मते पेकूनिया, म्हणजे धन, हा अर्थ गुरांवरून ताणलेला नाही. मूळ व्यापक अर्थच त्यात टिकून राहिला आहे.

गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये ‘फैहु’ हा शब्द पैसा आणि मालमत्ता याच अर्थाने येतो, गुरांसाठी येत नाही. हा त्याचा एक आधार. ग्रीकमध्ये होमर संपत्तीचे दोन भाग करतो, एक ठेवून दिलेली आणि दुसरी चालणारी. चालणारीला ‘प्रोबासिस’ म्हणतो, आणि त्याच धातूवरचा ‘प्रोबाता’ हा शब्द पुढे केवळ मेंढ्यांसाठी उरला.

अशी वाटचाल कल्पनेतली नाही, इंग्रजीत ती कागदोपत्री सापडते. मध्ययुगीन लॅटिनमधला ‘कापिताले’, म्हणजे मुख्य मालमत्ता, फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘कॅटल’ झाला. आरंभी त्याचा अर्थ कोणतीही मालमत्ता असा होता. पुढे जंगम मालमत्ता, नंतर पाळीव जनावरे आणि अखेर गाईबैल. ‘चॅटल’ हे त्याचेच दुसरे रूप कायद्यात जंगम वस्तूंसाठी राहिले. ‘कॅपिटल’ म्हणजे गुरांची डोकी, असे जे सांगितले जाते त्यात क्रम उलटा आहे. आधी भांडवल, मग गुरे.

काळीमाती म्हणतात की जमीन विकायला वेळ लागतो आणि जित्राबाच्या नोटा संध्याकाळपर्यंत होतात. स्थावर आणि जंगम यांतला हाच फरक बाँव्हेनिस्तला अभिप्रेत आहे.

पुराणवस्तू

उलटा_प्रवाह यांनी बाजू नेटकी मांडली आहे, पण बाँव्हेनिस्तचे म्हणणे सर्वांनी स्वीकारलेले नाही. लॅटिनमध्ये ‘पेक्तेरे’ म्हणजे विंचरणे आणि ‘पेक्तेन’ म्हणजे फणी. ग्रीकमध्ये ‘पेको’ म्हणजे लोकर विंचरणे आणि ‘पोकोस’ म्हणजे मेंढीची लोकर. हा धातू आणि ‘पेकु’ एकच मानले, तर मूळ अर्थ ‘जिची लोकर काढतात ती’, म्हणजे मेंढी, असा निघतो. मग आधी मेंढी, नंतर सर्व गुरे आणि शेवटी धन, हा जुनाच क्रम पुन्हा उभा राहतो. बाँव्हेनिस्तने या दोन शब्दांचा संबंधच नाकारला, तो नकार मात्र मला घाईचा वाटतो.

सूक्तपाठक

या वादात वैदिक वाङ्मयाची साक्ष घ्यायला हवी. ती दोन्ही बाजूंना थोडी थोडी उपयोगी पडेल.

अथर्ववेदात अकराव्या कांडात रुद्राला उद्देशून म्हटले आहे, ‘तवेमे पञ्च पशवो विभक्ता गावो अश्वाः पुरुषा अजावयः’. हे पाच पशू तुझ्या वाट्याचे आहेत: गाई, घोडे, माणसे, शेळ्या आणि मेंढ्या. पशूंच्या यादीत माणूस आहे. शतपथ ब्राह्मणातही प्रजापती जे पाच पशू पाहतो त्यांत पुरुष प्रथम येतो, आणि ‘पाहिले म्हणून पशू’ अशी निरुक्ती तेथे दिली आहे. ती भाषाशास्त्राला मान्य नाही. पाशाने बांधलेला तो पशू ही शैव दर्शनातली फोडही तत्त्वज्ञान म्हणून सुंदर असली, तरी व्युत्पत्ती म्हणून टिकत नाही. परंतु पशूंत माणूस धरणे हे लक्षणीय आहे. पशू म्हणजे केवळ चार पायांचे जनावर असते, तर ही यादी झाली नसती. ज्याच्यावर मालकी सांगता येते असा जीव, मग तो द्विपाद असो वा चतुष्पाद, असा अर्थ येथे अधिक बसतो. बाँव्हेनिस्तनेही या वैदिक वापराचा आधार घेतला आहे.

गाई देऊन वस्तू घेण्याचे पुरावे तर भरपूर आहेत. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात वामदेव ऋषी विचारतो, ‘क इमं दशभिर्ममेन्द्रं क्रीणाति धेनुभिः’, माझा हा इंद्र दहा गाईंना कोण विकत घेतो? पाणिनीच्या सूत्रांवरील काशिका या वृत्तीत ‘पञ्चगु’ आणि ‘दशगु’ असे शब्द उदाहरणादाखल येतात, म्हणजे पाच गाईंना किंवा दहा गाईंना घेतलेला. किमतीचे माप व्याकरणाच्या उदाहरणांत इतके मुरले होते.

आता मूळ शब्दाकडे येतो. ब्राह्मणग्रंथांत यज्ञाचे फळ सांगताना ‘पशुमान् भवति’ हे पालुपद सतत येते. अमुक विधी करणारा पशुमान, म्हणजे संपन्न होतो. आणि विधी चुकला तर तो ‘अपशु’ होतो. अपशु म्हणजे पशू नसलेला, निर्धन. शब्दपारखी यांनी वर दाखवलेले नियम लावून पाहा. ‘अ’ म्हणजे ‘इम’, ‘पशु’ म्हणजे ‘पेकु’. लॅटिनमधला पैसादर्शक प्रत्यय आणि शेवटचे विशेषणाचे शेपूट बाजूला ठेवले, तर ‘इम्पिक्युनिअस’ चा गाभा आणि वैदिक ‘अपशु’ हे एकाच साच्यातले शब्द आहेत. एकाने दुसऱ्याकडून घेतलेला नाही. दोन्ही भाषांनी एकाच वारशातून तो स्वतंत्रपणे घडवला आहे.

अनुवादिनी

सूक्तपाठक, ‘अपशु’ साठी आपले मनापासून आभार. एका ओळीच्या शंकेतून येथवर येऊ असे वाटले नव्हते.

एक उपप्रश्न विचारते. ‘पिक्युलिअर’ म्हणजे चमत्कारिक किंवा विशिष्ट. त्याचा गुरांशी संबंध कसा पोचतो, हे कोणी उलगडून सांगेल का?

उलटतपासणी

हा प्रश्न आमच्या व्यवसायाच्या प्रांतातला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रोमन कायद्यात कुटुंबप्रमुख हयात असेपर्यंत मुलाच्या नावावर काही नसे. मुलगा चाळिशीचा असो, सरकारी अधिकारी असो, त्याची कमाई कायद्याने बापाची. गुलामाची तर बापुडी काय कथा. व्यवहार मात्र अशाने चालत नाही, म्हणून प्रमुख आपल्या मालमत्तेतला एखादा भाग मुलाच्या किंवा गुलामाच्या हाती स्वतंत्रपणे वापरायला देई. त्याला ‘पेकूलियुम’ म्हणत, म्हणजे छोटासा पेकू, पदरची चार जनावरे. पुढे त्यात रोकड आणि दुकानेही आली. गुलाम या पेकूलियुमातून साठवून मालकाच्या संमतीने स्वतःची सुटका विकत घेऊ शके. जे पेकूलियुमात मोडते ते ‘पेकूलियारिस’, म्हणजे खास आपले. इंग्रजीत ‘पिक्युलिअर’ आधी याच अर्थाने आला. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘पिक्युलिअर पीपल’ म्हणजे देवाने आपली म्हणून राखलेली माणसे. त्यांना विचित्र म्हणण्याचा तेथे हेतू नाही. लंडनचे वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे आजही ‘रॉयल पिक्युलिअर’ आहे, कारण ते बिशपच्या नव्हे तर थेट राजसत्तेच्या अखत्यारीत आहे. जे एकाचेच आहे ते इतरांहून वेगळे, आणि जे वेगळे ते चमत्कारिक, अशी अर्थाची पुढची पावले पडली.

याचे भारतीय समांतर रूप मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. ‘भार्या पुत्रश्च दासश्च त्रय एवाधनाः स्मृताः’, पत्नी, पुत्र आणि दास हे तिघे अधन होत. ते जे मिळवतील ते ज्याचे ते असतील त्याचे. रोमन बापाचा अधिकार याहून वेगळ्या शब्दांत सांगता आला नसता. आणि ज्या फटीतून रोमन कायदा सैल झाला तेथेच आपलाही झाला. रोमन सम्राट ऑगस्टसने लष्करातल्या मुलाला आपल्या सैनिकी कमाईचे मृत्युपत्र करण्याची मुभा दिली. नारदस्मृती शौर्यधन, भार्याधन आणि विद्याधन यांची भावांत वाटणी होत नाही असे सांगते. विद्याधनावरचा वाद इंग्रजी अमदानीतही न्यायालयांत चालू होता. तो मिटवण्यासाठी १९३० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा कुठे शिक्षणाच्या जोरावर केलेली कमाई निर्विवादपणे कमावणाऱ्याची ठरली. स्त्रीच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची होण्यासाठी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १४ यावे लागले.

न्यायालयात आम्ही रोज ‘पिक्युनिअरी ज्युरिस्डिक्शन’ म्हणतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६ चे शीर्षकच ते आहे. दाव्याची रक्कम किती, त्यावर तो कोणत्या न्यायालयात चालणार हे ठरते. त्यात पशू दडला आहे, हे या धाग्यापूर्वी मला कोणी सांगितले नव्हते.

गोदाकाठची

उलटतपासणी यांनी ‘पदरची चार जनावरे’ म्हटले, त्यावरून लिहिते. आमच्याकडे लेकीला आंदण म्हणून गाय देण्याची रीत होती. माझ्या आजीला माहेरून कालवडीसह गाय मिळाली होती. गोठा सासरचा, वैरण सासरची, तरी त्या गाईच्या वेताचे गोऱ्हे विकले की पैसे आजीच्या लुगड्याच्या गाठीला जात. घरातल्या बाकीच्या दुधाचा हिशेब आजोबांकडे असे, या गाईचा नसे. आजोबा तापट होते, पण त्या पैशांविषयी त्यांनी कधी विचारणा केली नाही, असे आई सांगते. त्याच पैशांतून आईच्या शाळेची पुस्तके आली.

मनूच्या वचनानुसार आजी ‘अधन’ होती, आणि व्यवहारात तिच्याजवळ अक्षरशः पेकूलियुम होते. स्मृतीतले वचन वाचून त्या काळच्या बायकांकडे काहीच नव्हते असे समजू नये, असे मला वाटते. थोडे होते, आणि ते त्या घट्ट धरून होत्या.

उलटतपासणी

@गोदाकाठची, आपले म्हणणे खरे आहे, आणि स्मृतिकारांनीही स्त्रीधनाची स्वतंत्र चर्चा केलेली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याचा सविस्तर ऊहापोह मिळतो. तरीही रीत आणि हक्क यांत अंतर असते. आजोबांनी विचारणा केली असती, तर आजीला दाद मागायला जागा कोठे होती? पेकूलियुमचे दुखणेही हेच होते. देणाऱ्याच्या मनात आले की ते काढून घेता येई.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीत राहतो, म्हणून जर्मानिक शाखेविषयी थोडी भर घालतो. जर्मन भाषेत गुरांना आजही ‘फी’ म्हणतात. लिहिताना ‘व्ही’ सारखे दिसणारे अक्षर येते, उच्चार ‘फ’. हा शब्दपारखी यांचा ‘फेहु’.

काळीमाती यांनी म्हैस विकून कॉलेजची फी भरल्याचे लिहिले आहे. इंग्रजी ‘फी’ आपल्याकडे आली ती सरंजामी जहागिरीच्या ‘फीफ’ या फ्रेंच वळणाने, आणि त्या फ्रेंच शब्दाच्या मुळाशी बहुतेक अभ्यासक हाच जर्मानिक ‘फेहु’ मानतात. तेव्हा त्यांच्या वडिलांनी पशू देऊन पशूच भरला, असे म्हणायला हरकत नाही. ‘फेलो’ हाही याच घरचा आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत ‘फे-लागी’ म्हणजे जो आपले ‘फे’, म्हणजे धन, दुसऱ्याच्या धनाशेजारी मांडतो तो, थोडक्यात भागीदार.

इराणी शाखा तर येथे जेवणाच्या टेबलावर भेटते. तुर्की खाणावळींत काकडी, टोमॅटो आणि कांद्याची ‘चोबान सालातासी’ मिळते, म्हणजे मेंढपाळाची कोशिंबीर. ‘चोबान’ हा तुर्कीने फारसीतल्या ‘चोपान’ वरून घेतला. फारसी शब्दाचे प्राचीन इराणी रूप ‘फ्शुपान’ असे मानतात, ‘फ्शु’ म्हणजे पशू आणि ‘पान’ म्हणजे राखणारा. ऋग्वेदात गुराख्याला ‘पशुपा’ म्हटले आहे, त्याचाच हा सख्खा भाऊ.

काळीमाती

ऱ्हाइनकाठ यांचे फीचे स्पष्टीकरण वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी एवढेच विचारले, की मग जर्मन माणूस गुरांना फी म्हणतो तर कॉलेजच्या फीला काय म्हणतो?

ऱ्हाइनकाठ

‘गेब्यूर’ म्हणतात. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फीच नाही, त्यामुळे म्हैस विकण्याची वेळ येत नाही, हेही वडिलांना अवश्य सांगावे.

सहज_एक

पेकूनियाचा विषय निघाला आहे तर ‘पेकूनिया नॉन ओलेत’ ची आठवण होते. पैशाला वास नसतो. सम्राट व्हेस्पेशियनने मुताऱ्यांतल्या मूत्रावर कर बसवला, तेव्हा त्याचा मुलगा टायटस नाराज झाला. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो की बापाने पहिल्या वसुलीतले नाणे त्याच्या नाकाशी धरून वास येतो का असे विचारले.

उलटा_प्रवाह

चर्चा रंगली आहे, परंतु अनुवादिनी यांचा तिसरा प्रश्न मागे राहिला. त्याआधी दुसऱ्यावर माझे मत नोंदवून ठेवतो. पाच पशूंत माणूस येतो हे पाहिल्यावर ‘आधी जंगम धन, मग गुरे’ हीच दिशा मला अधिक संभाव्य वाटते. लोकरीचा धातू जुळतो हे पुराणवस्तू यांचे म्हणणे आहे. उच्चाराने तो जुळतोही, पण वेदांत ‘पशु’ हा शब्द लोकरीशी खास जोडलेला दिसत नाही.

पुराणवस्तू

आणि माझे मत आहे तेथेच आहे. मेंढी हा माणसाने फार आधी माणसाळवलेला प्राणी आहे, आणि ‘जंगम मालमत्ता’ ही अमूर्त संकल्पना आहे. भाषेत नाव आधी दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूला मिळते, असे मी मानतो. ‘कॅटल’ चे उदाहरण खरे असले तरी ते कायदा आणि हिशेबवह्या रुळलेल्या समाजातले आहे. कळपामागून चालणाऱ्या लोकांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही.

सूक्तपाठक

तिसऱ्या प्रश्नाबद्दल सुचवतो. ‘अपशु’ आज कोणाला कळणार नाही. परंतु संस्कृतातून आलेला ‘निष्कांचन’ मराठीत रूढ आहे. तेथे गाईची जागा सोन्याने घेतली आहे, जशी रोममध्ये तांब्याने घेतली. ‘अकिंचन’ मात्र टाळावा. त्याला संतवाङ्मयाचा, स्वेच्छेने स्वीकारलेल्या अपरिग्रहाचा रंग आहे आणि तुमच्या नेव्ह्यूने काही स्वेच्छेने सोडलेले दिसत नाही.

गोदाकाठची

कादंबरीच्या संवादांत ‘निष्कांचन’ जड होईल. ‘कफल्लक’ का नको? त्यात पैशाचा अभाव आहे आणि माणसाविषयी थोडी नाराजीही आहे.

उलटतपासणी

त्याआधी एक बाब ठरवावी. हा नेव्ह्यू पुतण्या आहे की भाचा? मराठी वाचकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पुतण्या म्हटले की वाचक लगेच विचारील, याच्या बापाचा वाटा कोठे गेला? एकत्र कुटुंबात पुतण्या हक्कदार असतो. इंग्लंडच्या जुन्या रीतीत थोरल्या मुलाकडे इस्टेट जाई आणि धाकट्याच्या मुलांना काकाच्या मर्जीवर राहावे लागे, म्हणून तेथे असे पुतणे कादंबऱ्यांत जागोजागी भेटतात. आपल्याकडे मामाच्या घरी राहणारा भाचा त्या स्थितीच्या जवळ येतो.

अनुवादिनी

उलटतपासणी, मूळ पुस्तक पुन्हा चाळून पाहिले. तिसऱ्या प्रकरणात त्याची आई ही त्या गृहस्थाची बहीण असल्याचा उल्लेख आहे, त्यामुळे तो भाचाच ठरतो आणि वाट्याचा प्रश्न मिटतो.

निवेदनात पहिल्या उल्लेखाला ‘घरंदाज पण निष्कांचन भाचा’ असे योजते आहे. तेथे लेखकाचा सूर औपचारिक आहे आणि सोने नसलेला हा अर्थ त्या झगमगत्या दिवाणखान्यात शोभतो. मामाच्या तोंडी मात्र ‘कफल्लक’ राहील, कारण तो चिडूनच बोलतो. आणि भाचा स्वतः उसने मागायला येतो त्या प्रसंगी, जेथे लेखकाने हेच विशेषण त्याच्या तोंडी सौम्यपणे घातले आहे, तेथे ‘सध्या जरा चणचण आहे’ एवढेच लिहिते.